परक्याची फुंकर आणि कादंबरीची कसोटी

दुखऱ्या जागेवर आप्ताने नव्हे, तर सर्वस्वी अनोळखी माणसाने घातलेली फुंकर, हे आशयसूत्र अलीकडच्या कोरियन कादंबरीतून, इंग्रजी अनुवादांच्या द्वारे, आपल्यापर्यंतही येऊन पोहोचले आहे. ‘दिलासा देणारे साहित्य’ असे नाव या कादंबऱ्यांना मिळाले आणि तेवढ्यावरूनच अभ्यासकांनी त्यांना लोकप्रिय वाङ्मयाच्या खात्यात टाकून दिले. लोकप्रियतेविषयीचा हा संशय निराधार नाही. मात्र तो वाचनाची जागा घेऊ शकत नाही.

किम हो-यॉन हे मूळचे पटकथालेखक. त्यांच्या २०२१ मधील कादंबरीच्या कोरियन शीर्षकातच गंमत आहे: सोयीचे, पण गैरसोयीचे असे दुकान. सोल रेल्वे स्थानकावर राहणारा, दारूने स्मृती गमावलेला, अडखळत बोलणारा दोकगो निवृत्त इतिहासशिक्षिका श्रीमती यॉम यांची हरवलेली पिशवी जिवापाड सांभाळतो आणि त्यांच्या दुकानात रात्रपाळीस लागतो. रोज रात्री दुकानाबाहेर एकटा पीत बसणाऱ्या विक्रेत्यापुढे तो मक्याच्या कणसातील तंतूंचा चहा ठेवतो. मुलाशी बोलणे तुटलेल्या सहकारी स्त्रीला तो मुलाचे ऐकून घ्यायला सांगतो. प्रकरणागणिक एक दुःख आणि त्यावर एक उतारा, ही रचना फारच सोयीची आहे. पटकथेची सवय येथे उघडी पडते.

परंतु दोकगोची स्मृती परतू लागते तेव्हा कादंबरी आपल्याच सूत्राविरुद्ध उभी राहते. तो पूर्वाश्रमीचा डॉक्टर. एका रुग्णाच्या मृत्यूशी त्याचा भूतकाळ जोडलेला आहे. बरे होणे म्हणजे त्याच्यापुरते दोष आठवणे होय. इतरांना विसावा देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र विसावा नाही. २०२० च्या साथीत तो रुग्णसेवेसाठी दैगूची वाट धरतो, ते यामुळेच. समोरच्या घरात राहणारी नाटककार स्त्री त्याच्यावर नाटक लिहू पाहते. परक्याचे दुःख लेखकाच्या हाती कच्चा माल होते, याची जाणीव कादंबरीकाराने या पात्राद्वारे स्वतःलाच करून दिली आहे, असे मला वाटते.

मराठी वाचकाला येथे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आठवल्यावाचून राहत नाही. चक्रधर आणि हॅर्टा हेही परकेच, पोळलेलेच, बोटीवर काही दिवसांपुरते एकत्र आलेले. पण हॅर्टाची जखम नाझी राजवटीने केलेली आहे. एका माणसाचे प्रेम तिला पुरे पडत नाही आणि बेडेकर ते पुरे पडल्याचे भासवतही नाहीत. किम यांचा विक्रेता नोकरी जाण्याच्या भीतीने पितो. चहाने त्याचे पिणे थांबेल, भीती कशी थांबावी? कादंबरी हा प्रश्न हाती घेते आणि अलगद खाली ठेवते. या प्रकारच्या लेखनाची खरी मर्यादा मला येथे दिसते. त्यातील गोडव्यावर टीका करणे त्यामानाने सोपे आहे.

एका ठिकाणी मात्र ही मर्यादा ओलांडली जाते. दुकान नीट चालत नाही, मुलाला ते विकून टाकायचे आहे; श्रीमती यॉम नकार देतात, कारण तेथे काम करणाऱ्यांची पोटे त्यावर अवलंबून आहेत. चहाच्या पेल्याला जे जमले नाही, ते या तोट्याच्या हिशेबात आहे.