आधी पेरणी, मग पाऊस

कोकणातल्या खेड तालुक्यात मृग लागायच्या आधीच भाताचे बी मातीत गेलेले असते. फाल्गुन-चैत्रात राबाच्या जागेवर शेण, कवळ, गवत आणि पातेरा यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेने जाळ लावायचा, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश भाजत जाते. ही भाजावळ आटोपली की मेअखेरीस त्याच राखेच्या जमिनीत धूळवाफेवर पेरणी होते. जमीन कोरडी ठणठणीत असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि आभाळात आलेले ढग नुसतेच पुढे निघून जात असतात. पाऊस अमुक दिवशी येईल असे लिहून कोणीच दिलेले नसते. तरीही घरात वर्षभर जपलेले धान्य, जे शिजवून खाता आले असते, ते मातीच्या हवाली केले जाते.

उद्या मृग नक्षत्र लागेल. या दिवसाच्या निमित्ताने आम्हाला बोलायचे आहे ते या कोरड्या पेरणीबद्दल. श्रद्धा म्हणजे काय, या प्रश्नावर ग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आहे. खेडच्या शेतकऱ्याने तिचा अर्थ कृतीतून सांगितला आहे. हाती पुरावा नसताना, पण आपल्या वाट्याचे काम पुरे करून, फळाची वाट पाहणे म्हणजे श्रद्धा. हात जोडून नुसते बसणाऱ्याला ती कळत नाही आणि खात्री झाल्याशिवाय पाऊल न उचलणाऱ्यालाही कळत नाही. माणसाला ती शिकवणारे दोन गुरू फार जुने आहेत, एक ऋतू आणि दुसरी कविता. आमच्या मुलखात हे दोन्ही गुरू एकाच शाळेत शिकवत आले आहेत.

या दिवसांत तालुक्यातून फिरताना डोळे उघडे ठेवले तरी पुरे. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या डोंगररांगेवर संध्याकाळी ढग टेकू लागतात. रघुवीर घाटाच्या जंगलात मेअखेरच्या रात्री काजव्यांनी झाडे उजळतात आणि पाऊस धरला की हा प्रकाश ओसरतो. पावशा दिवसभर ओरडतो आणि त्याच्या ओरडण्यात आपल्या पूर्वजांना ‘पेरते व्हा’ असे ऐकू आले. पक्षी त्याच्या विणीच्या हंगामासाठी ओरडतो, हे खरे. पण त्या आवाजात कामाची हाक ऐकणारा माणूस कवीच होता. त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही, त्याची कविता मात्र प्रत्येक जूनमध्ये नव्याने ऐकू येते. घराघरांत आगोटीची धांदल चाललेली असते. फणसाची साटे, आमसुले, सुकी मासळी आणि लाकूडफाटा जागेवर गेला की घरच्या बाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. येणाऱ्या चार महिन्यांवर विश्वास आहे म्हणूनच ही तयारी करावीशी वाटते.

विश्वासाला शब्द लागतात आणि ते शब्द आमच्याकडे देवळात, शेतात आणि अंगणात घडले. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा सांगणारा एका घरासाठी मागत नाही. गुरेढोरे, पोरेबाळे, गावात राहिलेले, मुंबईला पोटामागे गेलेले, वाट चुकलेले आणि आजारी पडलेले अशा सगळ्यांची नावे, नाती आणि अडचणी तो एका लयीत देवाच्या कानी घालतो आणि जमलेली माणसे प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. कवितेची याहून जुनी आणि याहून उदार सभा आम्हाला माहीत नाही. एकट्याची आशा तिथे सगळ्यांची होते आणि म्हणून ती टिकते.

आर्द्रा-पुनर्वसूत लावणी सुरू झाली की चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगेतून गाणे उठते. कंबर मोडून आलेली असते, पाऊस पाठीवर कोसळत असतो, तरी रांगेतली एक सुरुवात करते आणि बाकीच्या धरून घेतात. गाण्याने काम हलके होते, हे तर आहेच. पण त्या गाण्यांतून माहेर, भाऊ, पंढरी आणि पाऊस यांचे नाते बांधले जाते आणि आजचा चिखल उद्याच्या लोंबीशी जोडला जातो. जात्यावरच्या ओव्यांनीही हेच केले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. ज्यांना कोणी लिहायला शिकवले नाही अशा बायकांनी पहाटेच्या अंधारात दळता दळता रचलेले हे काव्य आहे. दुःख सांगताना त्या थांबल्या नाहीत आणि हात सुद्धा थांबला नाही. पुढे भाद्रपदात गणपती येतात, चाकरमानी घरी परततात आणि वाडीवाडीत शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडीचे, सामने रंगतात. मुंबईत नोकरी करून उरलेल्या वेळात नवे गाणे बांधणारे शाहीर आजही खेड, चिपळूण, गुहागर भागात आहेत. कवितेला वाचक उरले नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा जाखडीच्या रात्री अंगणात येऊन बसावे.

लिहिलेल्या कवितेनेही या मातीचे आणि या वाऱ्याचे ऋण मानले आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १८६६ साली याच जिल्ह्यातील मालगुंडला जन्मले. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांची एक कविता आहे. गावापासून दूर असताना त्या वाऱ्याने त्यांना आपला मुलूख आणि आपली माणसे आठवली. हाच वारा अरबी समुद्रावरून पाणी उचलतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि कोकणावर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस रिता करतो. एकाच वाऱ्यात शास्त्रज्ञाला मोसमी प्रवाह दिसतो, कवीला घर दिसते आणि शेतकऱ्याला पीक दिसते. तिघांचेही पाहणे खरे आहे आणि तिघांनाही त्या वाऱ्याची वाट पाहावी लागते.

तिकडे खानदेशात, काळ्या मातीच्या मुलखात, बहिणाबाई चौधरी यांनी बी रुजण्याकडे अशाच डोळ्यांनी पाहिले. १८८० साली जन्मलेल्या या शेतकरी बाईला अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. घरकाम आणि शेतकाम करताना त्या गात राहिल्या, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ते टिपून घेतले आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर, आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. आपले शब्द छापले जातील याची कसलीही कल्पना नसताना त्या रचत होत्या. ही सुद्धा एक धूळवाफेची पेरणीच झाली. पाऊस आला तेव्हा पेरणारी नव्हती, पण पीक सगळ्या महाराष्ट्राच्या घरात गेले.

एवढेच लिहून थांबलो तर तो अर्धसत्याचा उत्सव होईल. निसर्ग जगवतो तसा मारतोही आणि हे खेडला कोणी शिकवायची गरज नाही. जगबुडी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरणे इथल्या दुकानदारांच्या पिढ्यांनी पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्याच तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळली आणि १७ माणसे गेली. त्याच पावसात २२ जुलैला चिपळूण बुडाले आणि १८६४ सालापासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या दालनांत पाणी भरून हजारो पुस्तकांचा लगदा झाला. ज्या घरातली माणसे मातीखाली गेली, त्या घराला पावसाची कविता ऐकवायला जाऊ नये. तिथे आधी हात द्यावा, शेजारी बसावे, गप्प राहावे.

मग अशा वेळी कविता आणि ऋतू यांच्यात आशा कुठे असते? याचे उत्तर द्यायला आमच्याकडे तुकाराम महाराजांइतका मोठा साक्षीदार नाही. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, घराची प्रतिष्ठा गेली. ज्या आभाळाने त्यांचे घर मोडले त्याच आभाळाखाली, देहूजवळच्या भामचंद्र आणि भंडारा डोंगरांवर, ते एकांतासाठी गेले. झाडेझुडपे आणि पाखरे हे आपले गणगोत असल्याची जाणीव त्यांच्या अभंगांत आली ती या सगळ्या नाशानंतर. ते ज्ञान सुखवस्तू माणसाच्या सहलीतून आलेले नव्हते. आणि डोंगरावरून ते परत आले ते लोकांत. मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी सावरले आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. शोकाने त्यांना कवी केले आणि कवितेने त्यांना दुसऱ्याचे ओझे उतरवायला शिकवले. आशेची परीक्षा इथेच होते. जी आशा माणसाला स्वतःपुरती सांत्वना देऊन थांबते ती पहिल्याच दरडीत दबते. जी शेजाऱ्याच्या कामाला लावते ती उभी राहते.

अशी आशा आपण पाहिली आहे. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या बागायतदारांनी पुन्हा नारळाची रोपे लावली. नारळाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. लावणाऱ्यांत अनेक जण वयस्कर होते आणि तरी त्यांनी खड्डे खणले. चिपळूणच्या ग्रंथालयात चिखल उपसून कपाटे धुतली गेली, पुन्हा पुस्तके लागली आणि वाचक परतले. एखाद्या गावाचा जिवंतपणा आम्ही अशाच गोष्टींवरून ओळखतो.

आता पंचांगही पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच. दोन वर्षांच्या अंतराने जवळपास महिन्याचा फरक. मे महिन्यातच धो धो पाऊस आला की धूळवाफेची पेरणी हुकते, राब भिजतो आणि नक्षत्रांवर बांधलेले सगळे शहाणपण गोंधळते. आज्याने नातवाला दिलेले ऋतूंचे वेळापत्रक आपल्या पिढीच्या हातात विस्कटते आहे आणि याला जगभराच्या तापलेल्या हवेचा आणि समुद्राचा हातभार आहे. त्यात गावे रिकामी होत चालली आहेत. पाणथळ चोंढ्यांपासून वरकसापर्यंत शेते पडीक राहतात, उरलेल्या शेतात रानडुकरे आणि माकडे शिरतात. लोटे येथील कारखान्यांनी तालुक्याला रोजगार दिला, पण रासायनिक सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीचे मच्छीमार वर्षानुवर्षे बोलत आले आहेत आणि त्यांचे बोलणे अजून पुरेसे ऐकले गेलेले नाही. नदीची स्तुती करणाऱ्याने नदीच्या बाजूने उभेही राहिले पाहिजे. नाहीतर ती स्तुती नदीच्या उपयोगाची नाही.

म्हणून या मृगाला आम्ही आमच्या वाचकांकडे काही मागतो. ज्या वाडीच्या वर कडा आहे, डोंगराला भेगा दिसतात किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते, तिथल्या माणसांनी ते लगेच तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवावे आणि प्रशासनाने ते पावसाआधी गांभीर्याने घ्यावे. स्थलांतराची जागा ऐन रात्री शोधायची नसते. जे चाकरमानी गणपतीला येतात त्यांनी जमल्यास लावणीलाही दोन दिवस यावे आणि पडीक पडलेल्या निदान एका तुकड्यात तरवा रोवावा. तालुक्यातील शिक्षकांनी या पावसाळ्यात मुलांना आपल्या आज्यांकडे पाठवावे आणि लावणीची गाणी, ओव्या, गाऱ्हाण्यांतले शब्द वहीत आणि मोबाइलवर उतरवून घ्यावेत. गाणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. एकेक आजी जाते तेव्हा तिच्याबरोबर कुठेच न छापलेला एक संग्रह जातो. आणि मुलांनी नुसते उतरवू नये, स्वतःही लिहावे. आपल्या ओढ्यावर, आपल्या बंद पडलेल्या शेजारघरावर, मुंबईहून न आलेल्या बापावर लिहावे. ज्याला आपल्या गावाबद्दल चार खऱ्या ओळी लिहिता येतात तो त्या गावावरचा हक्क सहजी सोडत नाही.

ऋतू कोणालाही वचन देत नाहीत. कविता सुद्धा देत नाही. पण भाजलेल्या जमिनीत कोंब येतो हे ऋतूने हजारो वेळा दाखवले आहे आणि उद्ध्वस्त झालेला माणूस पुन्हा बोलू लागतो हे कवितेने हजारो वेळा सिद्ध केले आहे. यापेक्षा मोठी हमी माणसाच्या वाट्याला कधी आलेली नाही आणि एवढ्या हमीवर आपल्या पूर्वजांनी या डोंगरउतारावर शेती केली, देवळे बांधली, गाणी रचली आणि लेकरे वाढवली. आपल्यालाही तेवढ्यावर काम सुरू करता येईल. पाऊस येईल तेव्हा येईल. बी आत्ता मातीत गेले पाहिजे.