अ‍ॅनिमेचं संमेलन डहाणूत का नको?

मंडळी, आज जरा भांडायचंय. कोणाशी, ते पुढे कळेलच.

आधी थोडा इतिहास, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट आणि मांगा म्हणजे तिकडची कॉमिक्स, हे काका-मावशी मंडळींसाठी सांगून ठेवतो. या दोन्हींच्या चाहत्यांची जी संमेलनं भरतात, त्यांना 'कन्व्हेन्शन' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतो तो मोठा एसी हॉल, मनगटाला कागदी पट्टा, पंधरा ठिकाणी रांगा आणि टी-शर्टचे स्टॉल. लोकांना वाटतं, ही गोष्ट जन्मली तीच अशी.

साफ चूक! जपानमधलं सगळ्यात मोठं संमेलन म्हणजे 'कॉमिकेट'. ते 21 डिसेंबर 1975 ला टोकियोत पहिल्यांदा भरलं. 32 गट आणि सातशेच्या आसपास माणसं, बस्स. त्यातल्या बहुतेक शाळकरी मुली होत्या. आणि ते भरलं कशामुळे? तर आधीच्या एका मोठ्या संमेलनावर टीका केली म्हणून एका वाचकाला आयोजकांनी प्रवेश नाकारला. मग चिडलेल्या पोरांनी स्वतःचंच संमेलन काढलं. त्याचा नियम मला फार आवडतो: इथे कोणी गिऱ्हाईक नाही. टेबल मांडणारा, वही विकत घेणारा, खुर्च्या उचलणारा, सगळे 'सहभागी'. लोक घरी काढलेली चित्रकथांची पुस्तकं घेऊन येत आणि एकमेकांची वाचत. 2019 साली याच कॉमिकेटला चार दिवसांत सात लाखांहून जास्त माणसं आली, पण नियम तोच आहे.

दुसरं उदाहरण ओसाकाचं. 1981 मध्ये तिथल्या विज्ञानकथा संमेलनाच्या उद्घाटनासाठी कॉलेजच्या पोरांनी स्वतः एक छोटा अ‍ॅनिमेपट काढला. 1983 ला आणखी एक काढला. त्याच टोळक्याची पुढे 'गायनॅक्स' ही कंपनी झाली आणि 1995 मध्ये तिथूनच 'इव्हांजेलियन' आलं. म्हणजे संमेलन आधी आणि धंदा नंतर, असा क्रम होता.

आता आपल्याकडे या. चाहते आपल्याकडे आधीपासून होते. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघायला आपण सगळे बसायचो, ते 'जंगल बुक' जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं होतं, हे किती जणांना माहीत होतं? पुढे कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन, मग 2004 ला अ‍ॅनिमॅक्स, मग घराघरात डोरेमॉन. 2019 मध्ये चाहत्यांनी पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे 'वेदरिंग विथ यू' भारतातल्या थेटरांत लागला. म्हणजे ताकद आहे. पण संमेलनं कोणी भरवली? दिल्लीत 2011 ला कॉमिक कॉन सुरू झालं, मग मुंबईत आलं, आणि 2024 मध्ये ती अख्खी कंपनी एका गेमिंग कंपनीने विकत घेतली. साहित्य संमेलन कोणी विकत घेतल्याचं ऐकलंय कधी? (नका सांगू, कोणाला तरी कल्पना सुचायची!) ऑगस्ट 2025 मध्ये गोरेगावला 'अ‍ॅनिमे इंडिया' झालं, तेही मुंबईतच.

असो. मुंबईकरांना मजा येत असेल तर माझी ना नाही. माझं म्हणणं आमच्या बाजूचं आहे.

माझी एक भाची नववीत आहे, तलासरीजवळ राहते. (ताई, तिचं नाव घालत नाहीये, चिडू नकोस.) तिला अशाच एका संमेलनाला घेऊन गेलो होतो. तलासरीला रेल्वे स्टेशनच नाही. आधी अंधारात जीपने डहाणू रोड, मग लोकल. ही लोकलसुद्धा 2013 पासून आली, त्याआधीचे हाल तर विचारू नका. पोरीने दोन वर्षांत भरलेली चित्रांची वही दप्तरात घेतली होती. दिवसभर रांगेत उभं राहून तिने काय केलं? लोकांचे पोशाख बघितले, एक किचेन घेतली. वही कोणाला दाखवायची अशी जागाच तिथे नव्हती. एका टेबलापाशी रेंगाळली, तर 'घ्यायचं नसेल तर पुढे व्हा' असं ऐकावं लागलं. परतीच्या गाडीत ती वही उघडलीच नाही तिने.

याच्यावर दोन बाजूंनी लोक बोलतात, आणि भांडण दोघांशीही आहे.

पहिले शहरातले चाहते. 'खेड्यातली पोरं हिंदीत डोरेमॉन बघणारी, त्यांना खरं अ‍ॅनिमे काय कळणार?' अहो, सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चा सिनेमा आला तो हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही आला. मराठीत नाही! ज्या राज्यात तुम्ही संमेलनं भरवता, त्या राज्याच्या भाषेसाठी एक सह्यांचा कागद फिरवलात का? मग पोरं हिंदीत बघतात म्हणून हसता कशाला?

दुसरे आमचेच, गावातले. 'आदिवासी पोरांना जपानी कार्टून कशाला? त्यांनी वारली कला जपावी.' हे ऐकलं की डोकं सणकतं. वारली चित्रं मुळात काढली कोणी? लग्नात सुवासिनींनी, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. तिथेही प्रेक्षक नव्हते, सगळे सहभागीच होते. आज त्याच चित्रांत सायकल आणि आगगाडी येते, त्याने कोणाचा देव कोपला नाही. आणि जपानचंच म्हणाल तर आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, 2011 चे पद्मश्री, जपानला जाऊन चित्रं काढून आले. निगाता प्रांतात तोकामाची इथे 1982 पासून 'मिथिला म्युझियम' आहे. तिथे मधुबनी आणि वारली चित्रांचा मोठा संग्रह आहे. आणि ते म्युझियम आहे कुठे, तर गावातल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत! पुढे जपानी कलाकार इकडे गंजाडला येऊन शाळेच्या भिंतीही रंगवून गेले. तेव्हा जपानचा आणि आपला संबंध पोरांनी टीव्हीवरून आणलेला नाही. आज्या-आजोबांनी तो आधीच जोडून ठेवलाय.

आता तर बुलेट ट्रेनही जपानी तंत्राची, तलासरी आणि डहाणूच्या जमिनीवरून जाणार. स्टेशन मात्र बोईसरला. जपान आमच्या डोक्यावरून सुसाट जाणार आणि आमच्या पोरांनी बघत राहायचं. संमेलनांचंही तेच चाललंय.

कोणी म्हणेल, कंपन्यांशिवाय आवाज देणारे कलाकार कोण आणणार, मोठा पडदा कोण लावणार? खरं आहे, ते आपल्याला जमणार नाही. पण कॉमिकेटच्या पहिल्या दिवशी तरी मोठं काय होतं? टेबलं होती आणि वह्या होत्या. बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, महालक्ष्मीची जत्रा पंधरा दिवस चालते. माणसं जमवणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस, डहाणूत किंवा तलासरीत एखाद्या शाळेचे चार वर्ग. तिकीट नाही. टेबल मांडणाऱ्याने स्वतः काढलेलं काहीतरी आणायचं: मांगा, वारली, व्यंगचित्र, काहीही. भाषा मराठी, वारली, गुजराती, हिंदी, जी येईल ती. आणि एक झेरॉक्स मशीन, म्हणजे पोरांना आपली पानं तिथल्या तिथे वाटता येतील. झेरॉक्सचा खर्च मी करतो.

ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना चित्रं येतात त्यांनी एक दिवस इकडे या, आणि येताना विकायला नको, शिकवायला काहीतरी आणा. नातेवाईकांनो, तुमच्या ओळखीतले मुख्याध्यापक कोण कोण आहेत ते मला या आठवड्यात कळवा. मामा, तुमच्यावर पहिली जबाबदारी, तुम्ही त्याच शाळेतून रिटायर झालात. पहिलं टेबल कोणाचं, ते ठरलेलं आहे. तिने वहीला नवीन पुठ्ठा घातलाय.