पॉलिसी बदलली, कर मात्र बसला

झाशीहून कानपूरकडे निघाले की तासाभराच्या आत चिरगाँव येते. मैथिलीशरण गुप्तांचे हे गाव. झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता, तेव्हा तिकडे गेलेले काही मराठी कामगार तेथेच राहिले. त्यांपैकी एका की-मन बंधूंनी मध्यंतरी आयकर खात्याची नोटीस माझ्यापुढे ठेवली.

पगारातून पै-पै बाजूला टाकून त्यांनी पेन्शन पॉलिसी घेतली होती. ८० सीसीसी कलमाखाली दरवर्षी सवलतही घेतली. एक दिवस एजंट क्वार्टरवर आला. ही मोडा, दुसरी घ्या, पेन्शन जास्त मिळेल! सरेंडरचे १,८०,००० रुपये आले आणि आठवड्यात दुसऱ्या कंपनीत भरलेही गेले. "सेक्रेटरीसाहेब, पैसा घरात थांबलाच नाही, मग कर कसला?"

प्रश्न रास्त आहे, कायदा तसा नाही. १९९६ च्या अर्थसंकल्पात आलेल्या या कलमानुसार, सवलत घेतलेली पॉलिसी सरेंडर केली की बोनस-व्याजासह सर्व रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. पुढे ती कोठे गुंतवली, हे पाहिले जात नाही. वीस टक्के कर आणि सेस मिळून ३७,४४० रुपये झाले, व्याज वेगळेच. नव्या पॉलिसीवर सवलत मिळावी, तर दीड लाखाची मर्यादा प्रॉव्हिडंट फंडात आणि मुलांच्या फीत आधीच संपलेली. मुदत पूर्ण होऊ दिली असती तर एक-तृतीयांशापर्यंत रक्कम करमुक्त हाती आली असती. एजंटाला मात्र नव्या पॉलिसीचे कमिशन मिळाले.

आता दुसरी बाजू पाहा. १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्या आपल्या रेल्वे-पोस्टातील तरुणांना एनपीएस लागू झाली. तिच्या ८० सीसीडी कलमात तरतूद होती, की मिळालेल्या रकमेतून त्याच वर्षी ॲन्युइटी घेतली तर ती रक्कम मिळालीच नाही असे समजावे. कर पुढे पेन्शनवर लागतो. एकाच कायद्यात हे दोन न्याय कशासाठी? पेन्शन योजनेतून त्याच वर्षी दुसऱ्या पेन्शन योजनेत गेलेली रक्कम उत्पन्न धरू नये, आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हे स्पष्ट शब्दांत असावे, ही आमची अर्थमंत्रालयाकडे मागणी आहे.

तोवर सरेंडरच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी पॉलिसीचा बाँड आणि जुनी रिटर्न घेऊन शाखेत या. चिरगाँवचे बंधू सही झाल्यावर आले. कराचे पैसे त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून भरले, आणि त्याचे हप्ते अजून पगारातून कापले जात आहेत.