जुना ट्रक, बंद गिअरबॉक्स आणि माहितीची मालकी

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर मालवाहू ट्रक येत नाही; येतो तो पिकअप. सुतार, प्लंबर, लहान शेतकरी, रंगकाम करणारा कंत्राटदार यांचे हत्यारांचे कपाट आणि पोटापाण्याचे साधन तेच. एखाद्या सकाळी इंजिन नेहमीसारखे सुरू होते, गिअरचा दांडा ‘ड्राइव्ह’वर येतो, पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, इंजिन गुरगुरते आणि ट्रक मात्र जागचा हलत नाही. आदल्या संध्याकाळी तो व्यवस्थित धावला होता. वाहन पंधरा-वीस वर्षांचे असेल, तर गॅरेजमधून मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल. खर्चाचा आकडा काही हजार डॉलरचा, म्हणजे अनेकदा ट्रकच्या बाजारभावाहूनही मोठा. मग तो मोडीत निघतो.

हा प्रसंग आता अपवादात्मक राहिलेला नाही. एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेच्या पाहणीनुसार २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवरील वाहनांचे सरासरी वय १२.८ वर्षे होते. नवे पिकअप महाग. त्यातच २०२५ च्या एप्रिलमध्ये आयात मोटारींवर आणि मे महिन्यात अनेक सुट्या भागांवर २५ टक्के आयातशुल्क लागू झाले. जपान आणि युरोपीय महासंघासाठी ते पुढे १५ टक्क्यांवर आले. (आयात पिकअपवरचे २५ टक्के शुल्क मात्र १९६४ पासूनचे, कोंबडीच्या मांसावरून युरोपशी झालेल्या भांडणाचे ते अपत्य आहे.) अशा स्थितीत ‘जुना ट्रक दुरुस्त होईल की नाही’ हा प्रश्न गॅरेजपुरता न राहता घराच्या अर्थकारणाचा होतो. आणि त्याचे उत्तर दुरुस्तीच्या आधी, निदानावर अवलंबून असते.

बंद पडणे अचानक असले तरी बिघाड बहुधा अचानक नसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो. पंप तेल खेचतो, त्या दाबाने क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि चाकांकडे शक्ती जाते. दाब हळूहळू कमी होत गेला तर प्लेटा थोड्या थोड्या घसरत, जळत राहतात, आणि एका सकाळी त्यांची पकड संपते. म्हणूनच पहिली तपासणी फुकटची असते: डिपस्टिक. बहुतेक अमेरिकी ट्रकमध्ये ती इंजिन गरम व चालू ठेवून, दांडा ‘पार्क’मध्ये असताना पाहायची, जुन्या डॉजमध्ये ‘न्यूट्रल’मध्ये. इंजिन बंद करून पाहिल्यास पातळी फसवी दिसते. तेल स्वच्छ लाल पण कमी असेल, तर गळती शोधावी. काळपट असून जळका वास येत असेल, तर प्लेटांचे आयुष्य सरले. ते गुलाबी, दुधाळ झाले असेल, तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. या शेवटच्या स्थितीत नवा गिअरबॉक्स बसवून जुना रेडिएटर तसाच ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

दुसरी तपासणीही तितकीच साधी, पण ती आश्चर्यकारकरीत्या वगळली जाते. चाकांना अडसर लावून, ट्रकखाली न शिरता, बाजूने पाहावे: दांडा ‘ड्राइव्ह’वर असताना मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरतो का? फिरत असेल आणि ट्रक हलत नसेल, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. एक्सल किंवा डिफरन्शियल तुटले आहे. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये शाफ्ट फिरत नसला, तरीही ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये सरकलेली असू शकते. लक्षण हुबेहूब तेच, इलाज एका दांड्याचा. गिअरबॉक्सकडे जाणारी केबल निसटली, तरीही चित्र असेच दिसते.

त्यानंतर प्रश्न उरतो, कोणते गिअर गेले? इथे अनुभवी मेकॅनिकची खरी परीक्षा होते. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९९३ पासून आलेल्या ४एल६०-ई या गिअरबॉक्समध्ये दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकाच वेळी गेले, तर ‘सन शेल’ नावाचा पत्र्याचा भाग तुटल्याची दाट शक्यता असते. पहिला आणि तिसरा गिअर तेव्हाही चालतो. घरासमोर नाक आत करून उभ्या केलेल्या ट्रकला सकाळी आधी रिव्हर्सच लागतो, त्यामुळे मालकाला तो सबंध मेल्यासारखा वाटतो. त्याआधीच्या ७००-आर-४ मध्ये तर ॲक्सिलरेटरशी जोडलेली एक बारीक केबल तेलाचा दाब ठरवते. ती ढिली राहिली की प्लेटा जळतात. केबल न तपासता गिअरबॉक्स बदलला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

पुढच्या पिढीत निदानाचे स्वरूप बदलले. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-२ ही प्रणाली सक्तीची झाली आणि बिघाडाचा संकेत संगणकातून वाचता येऊ लागला. वायर तुटली किंवा सोलेनॉइड बंद पडला की अनेक गाड्यांतील संगणक सावधगिरीने गिअरबॉक्सला एकाच गिअरमध्ये बांधून ठेवतो. ट्रक दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच उठतो, जड चालतो, आणि मालक ‘गेला’ म्हणून हात टेकतो. प्रत्यक्षात दोष असतो गंजलेल्या कनेक्टरचा. मात्र स्वस्तातला स्कॅनर अनेकदा ‘पी-०७००’ एवढाच संकेत दाखवतो. त्याचा अर्थ: गिअरबॉक्सच्या नियंत्रकात काही नोंद आहे, ती तिकडे जाऊन वाचा. ‘तिकडे’ जाण्यासाठी लागणारे साधन आणि आज्ञावली कोणाच्या हाती, हा खरा वाद आहे.

गॅरेजवाल्यांना सरसकट लुटारू ठरवणे अन्यायाचे होईल. गिअरबॉक्स उघडून दोष शोधण्यात दिवस जातो, त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते, आणि एक भाग बदलून दुसरा बिघडला तर बोल मेकॅनिकलाच. तयार, हमीसह मिळणारा पूर्ण गिअरबॉक्स बसवणे त्याला सुरक्षित वाटते. निदानाला बाजारात किंमत नाही, बदलीला आहे. पण माहितीच न मिळाल्याने बदली सुचवावी लागत असेल, तर तो दोष गॅरेजचा नव्हे.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ मान्य केला तो याच पार्श्वभूमीवर. तिथल्या कायद्याच्या धास्तीने मोटार उत्पादकांनी २०१४ मध्ये देशभर माहिती देण्याचा करार केला. २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतदारांनी तो हक्क वाहनातून बिनतारी पाठवल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली. केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेने जून २०२३ मध्ये सायबर हल्ल्याची भीती दाखवून कंपन्यांना कायदा न पाळण्यास सांगितले आणि ऑगस्टमध्ये माघार घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने कंपन्यांचे आव्हान फेटाळले. सुरक्षेचा युक्तिवाद पूर्ण पोकळ नाही. पण अधिकृत विक्रेत्याच्या हाती सुरक्षित असलेली माहिती स्वतंत्र मेकॅनिकच्या हाती तेवढीच धोकादायक कशी होते, याचे समाधानकारक उत्तर कंपन्यांनी दिलेले नाही.

भारतालाही हा वाद परका नाही. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अनेक कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पाठोपाठ संकेतस्थळही सुरू केले. क्लच पेडलची सवय सुटलेल्या पुण्या-मुंबईच्या वाहनचालकांच्या ऑटोमॅटिक गाड्या जुन्या होतील, तेव्हा या प्रश्नाची धग इथेही जाणवेल.

अमेरिकेतील कायद्यांचा रोख मात्र प्रामुख्याने नव्या गाड्यांकडे आहे. त्यातील अनेकींना आता गिअरबॉक्सची डिपस्टिकही नसते. तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून नळी बंद केलेली असते. आयुष्य कोणाचे, हे माहितीपुस्तिका सांगत नाही. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या ट्रकचा मालक जनरल मोटर्सचा जुना ‘टेक-२’ स्कॅनर सेकंडहँड बाजारात शोधत असतो, कारण त्याच्या गिअरबॉक्सने संगणकात नेमके काय नोंदवून ठेवले आहे, हे वाचायला त्याला अजून तेच लागते.