खाज सुटली? आधी सदरा काढा!

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की ‘अंगाला खाज सुटली’ ही तक्रार दिवसातून पाच-सात वेळा ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पुन्हा तीच. रोगी आपले निदान घरूनच घेऊन येतो. ‘‘डॉक्टरसाहेब, उष्णता झाली,’’ नाहीतर ‘‘रक्त खराब झालं, रक्तशुद्धीचं काहीतरी द्या.’’ आणि खिशातून एक सपाट झालेली ट्यूब काढून टेबलावर ठेवतो. ही ट्यूब त्याला कोणी लिहून दिलेली नसते. ती मेडिकलवाल्याने दिलेली असते, किंवा शालकाला गुण आला म्हणून आणलेली असते.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात चूक माझी होती. साठीचे एक निवृत्त गृहस्थ आले. ‘‘रातले झोप येत नही,’’ म्हणाले. अंगभर खाज, पण पुरळ नाही, फोड नाही. दवाखान्यात गर्दी होती. मी हातावर नजर टाकली, कातडी कोरडी दिसली, खाजेच्या गोळ्या आणि तेल लिहून दिले. महिन्याने ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्या महिन्यातही आले. मी फक्त गोळी बदलली. चौथ्या खेपेला त्यांना सदरा काढायला सांगितले. छातीवर, पोटावर, दंडांवर ओरखडेच ओरखडे. पाठीचा मधला भाग मात्र स्वच्छ. जिथे हात पोहोचत नव्हता तिथे कातडीला काहीच झालेले नव्हते. म्हणजे रोग कातडीचा नव्हताच, ओरखडे नखांचे होते. रक्त तपासले. साखर वाढलेली आणि क्रिएटिनिन इतके जास्त, की दोन्ही मूत्रपिंडे बरीचशी निकामी झाली आहेत हे उघड झाले. गुडघ्यासाठी ते रोज दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेत होते, हेही तेव्हाच कळले.

तीन महिने आधी तपासले असते तर मूत्रपिंडे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पण त्या गोळ्या तीन महिने आधी बंद झाल्या असत्या आणि पुढच्या उपचाराची तयारी करायला घराला वेळ मिळाला असता. सदरा काढून बघायला दोन मिनिटे लागतात. तेवढी मी दिली नव्हती.

यावरून प्रत्येक खाजेला घाबरावे असे नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते. उतारवयात कातडीतील तेल कमी होते, त्यात कढत पाणी आणि अंगभर साबण, म्हणजे थंडीत खाज ठरलेली. खरूज असेल तर खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, जांघेत ती जास्त असते आणि घरातील आणखी कोणीतरी खाजवत असते. शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराची घडी खाजत असेल तर बांधावरचे गाजरगवत आठवावे. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम आढळलेले हे परदेशी गवत आता कुठे नाही? अंगावर गांधी उठून काही तासांत नाहीशा होत असतील तर ते पित्त उठणे. कडेने लाल व मधे फिकट असे गोल चट्टे म्हणजे बहुधा नायटा.

या नायट्यातच ट्यूब खरा घात करते. या ट्यूबांमध्ये बहुधा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि एक जोरदार स्टिरॉइड यांची खिचडी असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली व खाज जाते, रोगी खूश होतो. बुरशी मात्र आतल्या आत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, म्हणून रोगी पुन्हा ट्यूब लावतो. वर्षभरात जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते, तिला कायमच्या चिरा पडतात. पुढे आम्हाला कडीवरचा रोग ओळखता येत नाही, कारण ट्यूबने त्याचे रूपच बदललेले असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ट्यूब कशी मिळते ते वाचकांना सांगायला नको. पण सगळा दोष दुकानदाराचा नाही. रोग्याला घाई आणि आम्हालाही घाई. न बघता लिहिलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीविना दिलेली ट्यूब यांत फारसा फरक नाही.

स्त्रियांचे हाल तर वेगळेच. जांघेत किंवा स्तनांखाली खाज असेल तर लाजेपायी वर्ष-वर्ष त्या कोणाला सांगत नाहीत. नवऱ्याकडून ट्यूब मागवतात. माझी विनंती आहे की सासूला, बहिणीला सोबत आणा, हवे तर डॉक्टरीणबाईंकडे जा, पण दाखवा. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो यकृताचा दोष असू शकतो आणि पोटातल्या बाळाला त्यापासून धोका असतो.

आता घरी काय करावे ते सांगतो. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करा, साबण काखेत व जांघेत पुरे. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. सुती, सैल कपडे घाला, नखे कापा. फार खाज आली तर खाजवण्याऐवजी गार पाण्याची ओली घडी ठेवा. बिब्बा, रॉकेल, फिनेल अंगाला लावू नका. बिब्ब्याने भाजलेली कातडी मी दर वर्षी पाहतो. खरूज असेल तर डॉक्टरांनी दिलेले मलम घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सांगितल्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा लावावे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. खरूज गेल्यावरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते, म्हणून औषध लागू पडले नाही असे समजू नका. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका.

खाज सहा आठवड्यांच्या वर टिकली आणि कातडीवर काही सापडत नसेल, तर आत बघावेच लागते. रक्तगणना, साखर, क्रिएटिनिन, यकृत व थायरॉइड या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. डोळे पिवळे होणे, वजन घटणे, रात्री घाम येऊन ताप येणे, मानेत गाठी येणे, यांपैकी काही असेल तर सहा आठवडेही थांबू नका. येताना चालू असलेली सगळी औषधे, दुकानातून आणलेल्या गोळ्याही, पिशवीत घालून आणा. धुळ्याला व जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचे डॉक्टर असतात. तिथली रांग मोठी असली तरी वर्षभर ट्यूब चोळण्यापेक्षा बरी.

खाज म्हणजे शरीराने मारलेली हाक आहे. हाक कुणाची ते न बघता तोंड दाबणे, याला उपचार म्हणत नाहीत. पुढच्या वेळी तुमचा डॉक्टर न बघता गोळी लिहू लागला तर संकोच करू नका, आपणहून सदरा काढा. माझ्या दवाखान्यातही.