प्लेव्हनाची पितळी रायफल

परवा रात्री टेक्ससहून भाच्याचा फोन आला. "मामू, फोटो पाठवलाय, बघा. प्लेव्हनाला तुर्कांच्या हातात होती ना, तीच रायफल! सेकंडहँड मिळतेय, पॉइंट ४५ कोल्टची. घेऊ का?"

फोटोतली रायफल चकचकीत पितळी अंगाची होती. अस्सल नव्हे, प्रतिकृती. विंचेस्टरच्या १८६६ सालच्या मॉडेलची ही नक्कल इटलीतली उबेर्ती कंपनी बनवते. दस्त्याजवळचा लिव्हर खाली-वर केला की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. मूळ रायफली ऑटोमन सरकारने १८७०च्या सुमारास हजारोंनी विकत घेतल्या. १८७७ साली, आज बल्गेरियात असलेल्या प्लेव्हनाला, उस्मान पाशाच्या सैनिकांनी त्याच वापरल्या. शत्रू लांब असताना पीबडी-मार्टिनी आणि जवळ आला की विंचेस्टर. रशियनांचे तीन मोठे हल्ले त्यांनी परतवले. त्या युद्धात हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी तुर्कांसाठी वर्गणी गोळा केली होती. तेव्हा भाच्याचा अभिमान मला कळतो.

मला काळजी वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्याने. "मालक उरलेली काडतुसे फुकट देतोय, त्याने स्वतः घरी भरलेली. म्हणाला, एकदम जोरदार आहेत."

मी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. पण मास्तराची सवय, दोन रात्री वाचत बसलो. मूळ काडतुसात काळी दारू दोन ग्रॅमहूनही कमी असायची. बार उडताना मागे येणारा दाब ज्याने पेलायचा, तो सांधा गुडघ्यासारखा दुमडणारा आहे. तेवढ्या दारूला तो पुरत होता. प्रतिकृतीचे पोलाद आजचे असले तरी सांधा त्याच रचनेचा आहे. पुढे १८९२च्या मॉडेलला ब्राउनिंगने अडसरासारख्या दोन उभ्या पट्ट्या दिल्या, म्हणून ते जास्त दाब सोसते. १८६६ची नक्कल तसे सोसत नाही.

खरी फसगत इथे होते. पॉइंट ४५ कोल्टची काही काडतुसे आजच्या भक्कम रिव्हॉल्व्हरसाठी जास्त दाबाची भरलेली असतात. बाहेरून माप तेच, त्यामुळे ती या रायफलीतही बसतात. पण बसते म्हणजे चालते, असे नाही. कारखान्यात नेहमीच्या दाबाची किंवा हलकी भरलेली काडतुसेच घ्यावीत. गोळीचे टोक चपटे असावे, कारण नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक रांगेत असतात. मागच्या गोळीचे अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, नेमके जिथे ठिणगी पडते तिथे टेकले, तर धक्क्याने आतच बार उडू शकतो.

म्हणून भाच्याला म्हटले, "ती फुकटची काडतुसे आधी नाकार. आत किती आणि कोणती दारू आहे ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक. आणि पैसे देण्याआधी जाणत्या गनस्मिथकडून सांधा, काडतुसामागची फट आणि नळी तपासून घे. हाच माणूस तसली काडतुसे त्यातून उडवत आला असेल, तर सांधा सैल झालेला असू शकतो."

तो हसला. "मामू, तुर्कांची रायफल आणि हलकी काडतुसे? मजा काय?"

मला वाटते, आपली चूक इथेच होते. जुन्या वस्तूवर प्रेम असेल तर तिची ताकद जेवढी होती तेवढीच मानायला हवी. प्लेव्हनाचेही आपण असेच करतो. रायफली आणि शौर्य सांगतो, शेवट सांगत नाही. रशियनांनी वेढा आवळला, रसद तुटली, अन्न संपत आले. १० डिसेंबर १८७७ला वेढा फोडून निघण्याचा प्रयत्न फसला आणि उस्मान पाशा जखमी अवस्थेत शरण गेला. रायफली त्याच होत्या. त्यांच्या मागे भाकरी उरली नव्हती. मुलांना हेही सांगितले, तर त्यांचा अभिमान कमी होणार नाही, शहाणा होईल.

काल भाच्याचा मेसेज आला. काडतुसे परत केली, रायफल तपासायला दिली आहे. मी एकच उत्तर पाठवले: "घरात चार वर्षांची पोर आहे. रायफल घरी आणण्याआधी कुलपाचे कपाट आण. काडतुसे वेगळ्या कुलपात."