ऐकणाऱ्याचा ग्रंथ

पोथी एकाने वाचावी आणि घरादाराने ऐकावी, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी आपल्या कथा गावोगाव सांगितल्या. २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' भारतात आल्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांचा जो प्रसार झाला, तो या परंपरेस धरूनच होय. मात्र ते कथाकार स्वतःचे शब्द सांगत; आजचा अभिवाचक दुसऱ्याचे शब्द उच्चारतो. म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक.

'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्यही. अक्षरे तीच, 'ज'चा उच्चार मात्र भिन्न. डोळ्यांनी वाचणारा अर्थावरून उच्चार ठरवतो. ऐकणाऱ्यास उच्चारावरून अर्थ लावावा लागतो. अभिवाचक चुकला की श्रोता अडखळतो. त्यातच प्रत्येक वाक्याला नाटकी हेल आणि वर पार्श्वसंगीत, म्हणजे लेखक बाजूलाच राहतो. संयम हाच येथे खरा गुण होय.

आता स्वस्त पडतो म्हणून यंत्राचा आवाज पुढे केला जात आहे. अंध वाचकाला काहीच न मिळण्यापेक्षा तो बरा, हे मान्य. परंतु छापील पान पाहून खातरजमा करण्याची सोय त्यालाच नसते. कानी पडेल तोच त्याचा ग्रंथ. तेव्हा पुस्तक माणूस वाचतो आहे की यंत्र, हे प्रकाशकांनी आरंभीच सांगावे. आणि माणूस वाचत असेल तर त्याचे नाव लेखकाच्या नावाशेजारी द्यावे, मानधनही त्याला साजेसे द्यावे.